सातवी नस कशी तपासायची: कपाळापासून जिभेपर्यंत

‘तोंडावरून वारं गेलंय’ म्हणून माणूस समोर येऊन बसला की सगळ्यांची नजर वाकड्या ओठाकडे जाते. तपासणाऱ्याची नजर आधी कपाळाकडे जायला हवी. हे अर्धांगवायूचं आहे की फक्त चेहऱ्याच्या नसेचं, पेशंटला अँब्युलन्समध्ये घालायचं की शांतपणे पुढची तपासणी करायची, हे बहुतेक वेळा कपाळच सांगतं. बाकीच्या तपासणीतून नस नेमकी कुठे दबली आहे त्याचा माग लागतो.

हे टिपण वॉर्डात पाय ठेवणाऱ्या एमबीबीएस, फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सामान फार लागत नाही: टॉर्च, कापसाचे बोळे, गॉज, कानात बघायचा ऑटोस्कोप, अश्रू मोजायच्या शिर्मरच्या दोन पट्ट्या, चवीचे द्रव आणि एक मोबाईल. हात बसला की चव आणि अश्रू सोडून बाकीचं दहा मिनिटांत होतं.

एक शब्द आधी मोकळा करू. आपल्याकडे नस म्हणजे रक्ताची शीरही आणि चेतातंतूही. पेशंट ‘नस आखडली’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा शीरच असते. इथे नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी सातवी, फेशियल नर्व्ह.

आधी तिची वाट पाठ करा

या नसेची तपासणी म्हणजे तिच्या वाटेवरचे थांबे एकेक करून तपासणं. त्यामुळे वाट डोळ्यांसमोर नसेल तर पुढच्या चाचण्या नुसत्या कवायती होतात.

मेंदूच्या देठात पॉन्सच्या खालच्या भागात या नसेचं मोटर केंद्रक, म्हणजे हालचालीचे हुकूम देणाऱ्या पेशींचा पुंजका आहे. तिथून निघालेले तंतू सरळ बाहेर येत नाहीत. शेजारच्या सहाव्या नसेच्या केंद्रकाला मागून वळसा घालतात आणि मग पुढे येतात. म्हणून पॉन्समध्ये इजा झाली तर चेहऱ्याबरोबर त्याच बाजूचा डोळाही बाहेर वळेनासा होतो. पुष्कळदा विरुद्ध बाजूचा हातपायही कमजोर असतो.

पॉन्स आणि लहान मेंदूच्या कोपऱ्यातून नस बाहेर पडते तेव्हा तिच्यासोबत ऐकण्याची आठवी नस असते. या कोपऱ्यातली गाठ आधी कान बिघडवते, चेहरा बऱ्याच उशिरा. इथे सातव्या नसेचे दोन भाग असतात: हालचालीचा जाड भाग आणि चव, अश्रू, लाळ यांचे तंतू नेणारी बारीक जुडी, नर्व्हस इंटरमीडियस. दोघी मिळून कानाच्या हाडात शिरतात.

हाडातला हा बोगदा म्हणजे फॅलोपियन कॅनाल. सोळाव्या शतकातले इटालियन शरीररचनातज्ज्ञ फॅलोपिओ यांचं नाव त्याला मिळालं; गर्भाशयाच्या नळ्यांनाही त्यांचंच. बोगद्याची लांबी साधारण ३० मिमी. १२ जोड्यांपैकी दुसरी कुठलीही मुख्य नस इतका लांबचा प्रवास हाडाच्या नळीतून करत नाही. बोगद्याचं तोंड सगळ्यांत अरुंद, जेमतेम ०.७ मिमी. नस सुजली की तिला फुगायला जागाच नसते आणि ती स्वतःच्याच सुजेने चेपली जाते. बेल्स पाल्सीत, म्हणजे ठोस कारण न सापडता एकाएकी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते त्या दुखण्यात, हेच घडतं असं मानलं जातं.

बोगद्यात तीन फाटे फुटतात आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवायलाच हवा. पहिला जेनिक्युलेट गँगलियनपाशी (नसेच्या वळणावरची चेतापेशींची गाठ), ग्रेटर पेट्रोझल, अश्रूंच्या ग्रंथीकडे. दुसरा स्टेपिडियस या स्नायूकडे. शरीरातला हा सगळ्यांत छोटा स्नायू मोठा आवाज आला की कानातलं रिकिबीचं हाड आवळून धरतो. तिसरा कॉर्डा टिंपनी. हा बोगद्याच्या शेवटाआधी काही मिलिमीटर वर फुटतो, कानाच्या पडद्यामागून जातो आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणतो. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींनाही तोच चालवतो. अश्रू, आवाज, चव. हाच क्रम पुढे जागा शोधताना कामी येतो.

कानामागच्या हाडाखाली स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन या छिद्रातून नस बाहेर येते, पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे पाच शाखांत फुटते: टेंपोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर, सर्व्हायकल. तळहाताचा मनगटाकडचा भाग कानाच्या पाळीखाली टेकवून बोटं फाकवलीत तर अंगठा कानशिलाकडे आणि करंगळी मानेकडे येते. पाच बोटं म्हणजे पाच शाखा. एक गंमत अशी की नस पॅरोटिडच्या मधून जाते खरी, पण त्या ग्रंथीला लाळ सोडायला सांगते नववी नस. तोंडी परीक्षेत यावर पोरं हमखास अडकतात.

काय तिचं नाही हेही पक्कं हवं. डोळा मिटणं सातवीचं, उघडणं तिसरीचं. घास चावणं पाचवीचं. चेहऱ्याची त्वचा बधिर झाली तर तीही पाचवीची तक्रार. सातव्या नसेच्या पेशंटला गाल ‘जड’ किंवा ‘सुन्न’ वाटतो, पण कापूस टेकवला की त्याला स्पर्श कळतो.

हात न लावता दोन मिनिटं

पेशंटला उजेडाकडे तोंड करून, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर बसवा. नाव, गाव, कधीपासून वगैरे विचारत राहा आणि बघत राहा. बोलताना, हसताना चेहरा जे खरं दाखवतो ते हुकूम दिल्यावर दाखवेलच असं नाही.

पापण्या लवताना बघा. कमजोर बाजूची पापणी मागे राहते किंवा अर्धवटच खाली येते. हे लक्षण अगदी हलक्या इजेतही सापडतं. मग कपाळाच्या रेषा, दोन डोळ्यांच्या फटींची रुंदी, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी आणि ओठाचा कोपरा, दोन्हीकडचं ताडून बघा.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक बाजूची. ओठ निरोगी बाजूकडे ओढला जातो, कारण तिकडचेच स्नायू जागे असतात. घरचे म्हणतात ‘तोंड उजवीकडे गेलं’, म्हणजे कमजोर बाजू डावी. केसपेपरवर ऐकीव बाजू लिहिली की ती डिस्चार्ज कार्डापर्यंत तशीच जाते. जुन्या केसमध्ये तर उलटाही फसवा प्रकार दिसतो. काही महिने उलटले की कमजोर बाजूचे स्नायू आखडतात, घडी तिकडेच खोल दिसते आणि निरोगी बाजू लुळी वाटायला लागते. हालचाल करून घेतल्याशिवाय बाजू लिहूच नका.

भुवई खाली लोंबली की डोळा अर्धा झाकल्यासारखा दिसतो आणि टोसिस, म्हणजे वरची पापणी पडलेली, असं लिहिलं जातं. बोटाने भुवई वर उचला. पापणी जागेवर असेल तर ते टोसिस नाही. चेहरा मुळातच थोडा वाकडा आहे का याची शंका आली तर आधार कार्डावरचा किंवा फोनमधला जुना फोटो मागा.

काय सांगून काय करून घ्यायचं

चाचण्या सोप्या आहेत. बिघडतं ते सांगण्यात. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं की पेशंट भलतंच करतो. प्रत्येक हालचाल आधी स्वतः करून दाखवा आणि मग त्याला करायला लावा.

कपाळ. ‘कपाळाला आठ्या घाला’ म्हटलं तर बहुतेक माणसं रागावल्यासारख्या भुवया जवळ आणतात. तो वेगळा स्नायू, कॉरुगेटर. तुम्हाला बघायचा आहे फ्रंटालिस. म्हणून ‘आजी, डोकं न हलवता वर छताकडे बघा’ किंवा ‘काका, भुवया वर उचला, नवल वाटल्यासारख्या’. कपाळावर आडव्या रेषा दोन्हीकडे उमटतात का ते बघा. म्हाताऱ्या माणसांत आणि बोटॉक्स घेतलेल्यांत रेषा फसवतात, तेव्हा रेषांपेक्षा भुवई किती मिमी वर सरकली ते मोजा.

डोळे. ‘डोळे मिटा’ एवढ्यावर थांबू नका. आधी झोपेत मिटतो तसे हळू मिटायला सांगा, मग ‘साबण डोळ्यांत चाललाय असे गच्च मिटा’. हळू मिटताना राहणारी फट मिमीमध्ये टिपा, कारण रात्री डोळा तेवढाच उघडा राहणार आहे. गच्च मिटल्यावर निरोगी बाजूच्या पापण्यांचे केस आत दडतात, कमजोर बाजूचे लांब बाहेर दिसतात. शेवटी अंगठ्याने पापणी हळूच उघडायचा प्रयत्न करा. निरोगी डोळा उघडत नाही, कमजोर डोळा सहज उघडतो. डोळा मिटताना बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरा भाग दिसतो, ते बेल्स फिनॉमिनन. ते बहुतेकांत असतं, एरवी पापणी झाकते म्हणून दिसत नाही. हे बुबुळ वर जात नसेल तर मात्र सावध व्हा, कारण रात्रभर थेट कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, उघडा राहील.

ओठ आणि गाल. ‘दात दाखवा’ म्हटलं की काही जण दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा नुसता आ वासतात. ‘दात आवळा’ म्हटलंत तर पाचवी नस तपासली जाते. ‘ईईई म्हणा’ हे सगळ्यांत बिनचूक. बोळक्या तोंडाच्या आजोबांनाही जमतं. मग गाल फुगवायला सांगा आणि दोन्ही गालांवर बोटाने हलकं दाबा. कमजोर कोपऱ्यातून फुस्स करून हवा निसटते. शीळ घालायला सांगितलं की बायका लाजतात, त्याऐवजी ‘गरम चहावर फुंकर मारा’ म्हणा. जेवताना घास गालात अडकतो का, चूळ भरताना पाणी कोपऱ्यातून गळतं का, हेही इथेच विचारा. तो बक्सिनेटर, गालाचा स्नायू.

मान. पुरुषांना ‘दाढी करताना मानेची कातडी ताणता तसं करा’ म्हटलं की प्लॅटिस्मा, मानेच्या कातडीखालचा पातळ स्नायू, लगेच उभा राहतो. बायकांना खालचा ओठ खाली ओढून दाखवा आणि नक्कल करायला सांगा.

तान्ह्या बाळात हे सगळं रडण्यावर भागवायचं. रडताना डोळा मिटतो का ते आधी बघा. डोळा नीट मिटतो, कपाळ हलतं आणि फक्त खालचा ओठ एका बाजूला खाली येत नाही, तर बहुधा ओठ खाली ओढणारा एक स्नायूच जन्मतः कमी असतो. नस शाबूत असते. जन्मतः कानामागचं मॅस्टॉइड हाड वाढलेलं नसतं, नस कातडीखाली उघडीच असते. म्हणून चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात ती चेपू शकते. लहान मुलांत कानामागे छेद घेतानाही सर्जन याच कारणाने जपून असतात.

कपाळाचा निकाल

चेहऱ्याच्या वरच्या भागाच्या केंद्रकाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. मेंदूतली एक बाजू बंद पडली तरी कपाळ दुसऱ्या बाजूच्या आधारावर हलत राहतं. नस स्वतःच बंद पडली तर कपाळ, डोळा, ओठ सगळंच जातं.

तेव्हा: ओठ वाकडा, कपाळ हलतंय, तर स्ट्रोक समजूनच पुढची पावलं टाका. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला लावा, एखादं वाक्य बोलून घ्या आणि पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी असाल तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्या. पुष्कळदा या पेशंटचा हुकमी ‘ईईई’ वाकडा येतो आणि विनोद ऐकून आलेलं हसू सरळ येतं, कारण भावनेच्या हसण्याची वाट मेंदूत वेगळी आहे.

पण कपाळाचा नियम डोळे झाकून वापरू नका. पॉन्समधल्या स्ट्रोकमध्ये कपाळही जातं. तिथे डोळ्यांची हालचाल आणि हातपाय तपासल्याशिवाय ‘साधी बेल्स’ म्हणून घरी पाठवणं महागात पडतं. उलट, पॅरोटिडच्या पुढे नसेची एखादीच शाखा दुखावली तर कपाळ वाचतं आणि केस स्ट्रोकसारखी दिसते. पहिल्या दिवशीची बेल्सही अर्धवट असू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

अश्रू, आवाज, चव

शिर्मरची पट्टी ५ मिमी रुंद आणि ३५ मिमी लांब असते. खाचेपाशी टोक वाकवा, खालच्या पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात अडकवा, दोन्ही डोळ्यांत एकदमच. पेशंटने समोर बघत साधेपणाने पापण्या लववाव्यात. ५ मिनिटांनी किती मिमी भिजलं ते वाचा. १० च्या वर साधारण ठीक, ५ च्या खाली डोळा नक्कीच कोरडा. तरी खरा अर्थ दोन्ही बाजूंच्या फरकात आहे. पट्टी बुबुळाला टोचली की पाणी धो धो येतं आणि आकडा खोटा निघतो.

इथला मोठा सापळा असा: पेशंटच्या कमजोर डोळ्यातून पाणी गळत असतं, म्हणून तपासणारा ‘अश्रू ठीक’ लिहून मोकळा होतो. पाणी जास्त तयार होत नसतं. खालची पापणी लुळी पडल्यामुळे ते नाकात ओढलं जात नाही आणि गालावर सांडतं.

आवाजासाठी यंत्राआधी प्रश्न. ‘कुकरची शिट्टी किंवा भांडं पडल्याचा आवाज त्या कानाला टोचतो का?’ हो असेल तर स्टेपिडियसचा फाटा गेला असण्याची शक्यता. ऑडिऑलॉजीत स्टेपिडियल रिफ्लेक्स करून त्याची खातरजमा होते. ऐकूच कमी येत असेल तर मात्र ती आठव्या नसेची किंवा मधल्या कानाची गोष्ट, आणि तपास वेगळ्या दिशेने न्यायला हवा.

चवीला चार द्रव: साखरेचं पाणी १०० मिलीत ४ ग्रॅम, मिठाचं १०० मिलीत २.५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड १०० मिलीत १ ग्रॅम आणि क्विनीनचा ०.०७५ टक्के द्रव, हा फार्मसीतूनच करून घ्यायचा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘गोड, खारट, आंबट, कडू, काहीच नाही’ लिहा. पेशंटने जीभ बाहेर काढायची. तुम्ही तिचं टोक गॉजने धरायचं, वरची लाळ टिपून घ्यायची आणि कापसाच्या काडीने जिभेच्या एकाच बाजूच्या कडेला, पुढच्या भागात, एक थेंब लावायचा. पेशंटने जीभ आत न घेता बोटाने कागदावर दाखवायचं. बोलायला जीभ आत घेतली की द्रव दुसऱ्या बाजूला आणि मागे पसरतो, आणि चाचणी तिथेच संपते. दोन चवींमध्ये साध्या पाण्याने चूळ. आधी कमजोर बाजू, मग निरोगी. कडू शेवटी, कारण ती चव लवकर जात नाही. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट हा शाळेतला नकाशा विसरा, तो चुकीचा आहे. चारही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

घाईच्या ओपीडीत एवढं जमत नाही. तेव्हा निदान ‘चहा मचूळ लागतो का, जिभेच्या एका बाजूला धातूसारखं लागतं का’ एवढं तरी विचाराच.

आता जागा लावा. अश्रू, आवाज, चव, चेहरा सगळंच बिघडलं तर इजा जेनिक्युलेट गँगलियनपाशी किंवा त्याच्या आधी. अश्रू ठीक पण आवाज टोचतो आणि चव गेली, तर त्या गँगलियनच्या पुढे, स्टेपिडियसच्या फाट्याच्या आधी. फक्त चव गेली, तर त्या फाट्याच्या पुढे, कॉर्डा टिंपनी फुटायच्या आधी. तिन्ही शाबूत आणि फक्त चेहरा गेला, तर इजा कॉर्डा फुटल्यानंतरची, बहुधा हाडाबाहेरची: पॅरोटिडची गाठ, वार, ऑपरेशन. बेल्समध्ये सूज ठिकठिकाणी असते, त्यामुळे हे गणित पुष्कळदा जुळत नाही. ते परीक्षेत पूर्ण लिहा. वॉर्डात ते दिशा दाखवण्यापुरतंच धरा.

कान, गाल, कातडी

चेहऱ्याची नस गेलेल्या प्रत्येकाच्या कानात ऑटोस्कोपने बघायचं, अपवाद नाही. बाह्य कानावर किंवा नळीत पाण्याचे फोड आणि जबर ठणका असेल तर ते १९०७ मध्ये रॅमझी हंट यांनी वर्णन केलेलं दुखणं, म्हणजे जेनिक्युलेट गँगलियनमधली नागीण. टाळूवर आणि जिभेवरही फोड शोधा. याची बरं होण्याची टक्केवारी बेल्सपेक्षा कमी आणि विषाणूरोधी औषध यात लागतंच. कानातून घाण वासाचा पू, पडद्याला भोक, आत पांढरट पापुद्रे असतील तर ईएनटीकडे त्याच दिवशी. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका ठणकतो आणि मग चेहरा जातो, तर बाह्य कानातला जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचला असं समजा.

दोन्ही हातांच्या बोटांनी पॅरोटिड चाचपा. लाळेच्या ग्रंथीतली साधी गाठ नसेला सहसा धक्का लावत नाही. गाठ आणि लुळा चेहरा एकत्र दिसले तर कॅन्सर असल्याचं धरूनच तपास चालवायचा. चेहरा आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाकडा होत गेला असेल तर ती बेल्स नव्हेच. बेल्स तीन दिवसांत आपली कमाल गाठते.

विदर्भातल्या ओपीडीत, किंवा तिकडून आलेल्या पेशंटमध्ये, गालावरचा चट्टा शोधायला विसरू नका. कुष्ठरोग गालाच्या हाडावरून जाणाऱ्या झायगोमॅटिक शाखेला धरतो, त्यामुळे ओठ सरळ असतो पण डोळा मिटत नाही. त्यातच पाचवी नस गेली असेल तर डोळ्यात कचरा गेलेला कळतही नाही आणि दृष्टी जाते. ओल्या कापसाचा धागा कडेने आणून बुबुळाच्या काठाला लावा. निरोगी माणसात दोन्ही पापण्या लवतात. स्पर्शाची खबर पाचवी नेते, पापणी सातवी हलवते. लुळ्या बाजूला धागा लावल्यावर ती पापणी लवली नाही पण दुसरी लवली, तर पाचवी ठीक आहे. दोन्ही लवल्या नाहीत तर पेशंटला दोन धोके एकदम आहेत.

दाताच्या खुर्चीवरही हे होतं. खालच्या जबड्याच्या भुलीची सुई फार मागे गेली की औषध पॅरोटिडमध्ये उतरतं आणि काही मिनिटांत चेहरा लुळा पडतो. काही तासांत तो आपोआप सुटतो. तोवर डोळा झाकून ठेवणं एवढंच काम.

नोंद

‘चेहरा डावीकडे कमजोर’ एवढं लिहून भागत नाही. आठ दिवसांनी बघणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली हाउस-ब्रॅकमन श्रेणी सगळीकडे चालते. १ म्हणजे ठीक, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. मधल्या श्रेण्यांची गाठ डोळ्याशी आहे: जोर लावून डोळा पूर्ण मिटला तर ३, जोर लावूनही फट राहिली तर ४. ५ मध्ये हालचाल जेमतेम जाणवते. नोंद अशी दिसावी: ‘डावी बाजू. कपाळ नाही. डोळा हळू मिटताना फट ४ मिमी, गच्च मिटताना २ मिमी. ईईई म्हणताना कोपरा थोडा हलतो. डावीकडे चव कमी. कान स्वच्छ, फोड नाहीत. श्रेणी ४. सुरुवात परवा सकाळी, चूळ भरताना कळलं.’ सोबत पेशंटच्या परवानगीने पाच फोटो: शांत चेहरा, भुवया वर, डोळे हळू मिटलेले, डोळे गच्च मिटलेले, ईईई. पुढच्या प्रत्येक भेटीत हेच पाच, त्याच उजेडात.

डोळा आधी, चेहरा नंतर

चेहरा बहुतेकांचा परत येतो. औषध न घेताही बेल्सचे साधारण ७० टक्के पेशंट पूर्ण बरे होतात. कॉर्नियावर पडलेला डाग मात्र परत जात नाही. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचं मलम. बाहेर पडताना गॉगल, पंख्याचा झोत तोंडावर नाही, आणि आठवण होईल तेव्हा बोटाने पापणी खाली ओढून मिटायची. रात्री पट्टी लावताना वरची पापणी आधी बोटाने पूर्ण मिटवा, मग चिकटपट्टी पापणीवरून गालाकडे तिरकी लावा. उघड्या डोळ्यावर कापसाचा गोळा ठेवून वरून पट्टी मारणं हा हमखास होणारा घोळ. आत डोळा उघडतो आणि कापूस रात्रभर बुबुळ घासत राहतो. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसायला लागलं तर नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी.

बेल्स असल्याचं डॉक्टरांनी ठरवलं आणि ७२ तास उलटले नसतील तर प्रौढांना प्रेडनिसोलोनचा उपयोग होतो. दिवसाला ५० मिग्रॅ असं १० दिवस ही एक प्रचलित मात्रा. देण्याआधी साखर, बीपी, पोटातला अल्सर आणि टीबीचा इतिहास बघायचा. मधुमेहींना बेल्स जास्त होते आणि स्टिरॉइडने त्यांचीच साखर चढते. नुसतं विषाणूरोधी औषध बेल्समध्ये कामाचं नाही. गरम तेलाची धार, कबुतराचं रक्त, कानामागे डाग देणं यांतलं काहीही नसेपर्यंत पोचत नाही. त्यात गेलेले तीन दिवस मात्र औषधाच्या हिशेबातून कायमचे जातात.

व्यायामात जोर हा शत्रू. फुगे फुगवणं, च्युइंगगम चघळणं, आरशासमोर दात विचकून पूर्ण ताकद लावणं हे सगळीकडे सांगितलं जातं आणि त्यातून निरोगी बाजू आणखी दांडगी होते. पूर्ण लुळ्या चेहऱ्याला सुरुवातीला फक्त हलकी मालिश आणि डोळ्याची काळजी. हालचाल परत यायला लागली की आरशासमोर सावकाश, छोट्या आणि एका वेळी एकच हालचाली; निरोगी बाजू बोटाने अडवून, पाच-पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. विजेचे झटके देणारी यंत्रं गावोगावी वापरली जातात. बेल्समध्ये त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

नस दिवसाला साधारण १ मिमी वेगाने वाढते, आणि वाढताना काही तंतू चुकीच्या घरात शिरतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या भेटीला दोन गोष्टी मुद्दाम तपासा. ‘ईईई’ म्हणताना त्याच बाजूचा डोळा बारीक होतो का, आणि डोळा मिटताना ओठाचा कोपरा ओढला जातो का. मग विचारा, जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं का. लाळेसाठी निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीत शिरले की चिंचेची आमटी खाताना डोळा वाहायला लागतो. पेशंट हे आपणहून सहसा सांगत नाही, कारण त्याला वाटतं आमटी तिखट झाली असेल. आणि चार महिन्यांनंतरही चेहरा जराही हलत नसेल तर बेल्सचं लेबल काढून एमआरआय करून घ्या.